जुना शेर किती जुना?

पिढ्यान्‌पिढ्या व्यापार केलेल्या कुटुंबांत जुन्या पेढीचे काही ना काही मागे उरलेले असते. गल्ल्याची लाकडी पेटी असते, लाल कापडात बांधलेल्या चोपड्या असतात आणि माळ्यावरच्या एखाद्या पेटाऱ्यात पितळेची वा लोखंडाची काळवंडलेली वजने असतात. घराची वाटणी किंवा वाड्याचा पुनर्विकास निघाला की ती उजेडात येतात आणि त्यांच्याविषयी सहसा तीन मते पडतात. एक जण म्हणतो, ही पेशवाईतली आहेत, यांची किंमत लाखात असेल. दुसरा म्हणतो, आता यांचा उपयोग काय, मोडीत घाला. तिसरा कोणी हौसेने एखादा ‘पावशेर’ आजच्या काट्यावर ठेवून पाहतो. तो जेमतेम सत्तर ग्रॅम भरतो आणि घरात एकाएकी शांतता पसरते. आपल्या पूर्वजांनी मापात पाप केले की काय, ही शंका कोणी बोलून दाखवत नाही, परंतु ती मनातून जातही नाही.

या तिन्ही मतांचा निवाडा एकाच मार्गाने होऊ शकतो. तो मार्ग म्हणजे त्या वजनाची नीट ओळख पटवणे. घरातील इतर धातूच्या वस्तूंपेक्षा वजनाची ओळख पटवणे सोपेही आहे. समई, घंगाळ किंवा तांब्या यांचे घाट शेकडो वर्षे फारसे बदलले नाहीत. त्यामुळे केवळ पाहून त्यांचे वय सांगणे जाणकारालाही अवघड जाते. वजनाचे तसे नाही. ते कोणत्या तरी मानानुसार घडवलेले असते. ती माने राजवटीबरोबर व कायद्याबरोबर बदलत गेली आणि त्या बदलांची साले ठाऊक आहेत. वजन स्वतःचा आकडा स्वतःच्या अंगात बाळगून असते.

तोळा हा पाया

ओळखीची सुरुवात तोळ्यापासून करावी लागते. गुंज, मासा, तोळा ही श्रेणी सराफी व्यवहारामुळे आजही परिचित आहे. आठ गुंजांचा एक मासा व बारा माशांचा एक तोळा होतो. पूर्वी हा तोळा ठिकठिकाणी थोडा कमी-अधिक असे. १८३३ साली ईस्ट इंडिया कंपनीच्या सरकारने तोळ्याचे वजन १८० ग्रेन, म्हणजे आजच्या हिशेबाने ११.६६ ग्रॅम, असे ठरवले. १८३५ पासून निघालेला कंपनीचा चांदीचा रुपयाही नेमका याच वजनाचा होता. पुढे राणी व्हिक्टोरिया, सातवे एडवर्ड, पाचवे जॉर्ज व सहावे जॉर्ज यांच्या छापाचे चांदीचे रुपये १९४५ पर्यंत निघाले. १९४० नंतर त्यांतील चांदी निम्म्यावर आली, तरी वजन तेच राहिले. म्हणून ‘रुपयाभार’ आणि ‘तोळा’ हे शब्द व्यवहारात एकाच अर्थाने वापरले गेले.

याचा आजही उपयोग आहे. लक्ष्मीपूजनासाठी जपलेले पाच चांदीचे रुपये बहुतेक घरांत निघतात. ते एका पारड्यात घातले की छटाकेचे वजन तपासता येते. नाणी हाताळून थोडी झिजलेली असतात हे मात्र लक्षात ठेवावे. अधिक नेमकेपणा हवा असेल, तर ओळखीच्या सराफाकडील इलेक्ट्रॉनिक काट्यावर वजन करून घ्यावे. आलेल्या ग्रॅमना ११.६६ ने भागले की तोळे निघतात. सारा शोध या एका भागाकारावर उभा राहतो.

शेर एक नव्हता

भागाकाराचे उत्तर हाती आले की ते कोणत्या शेरात बसते हे पाहायचे. येथेच बहुतेकांची गल्लत होते, कारण ‘शेर’ म्हटले की एकच परिमाण डोळ्यांसमोर येते.

पक्का किंवा बंगाली शेर ८० तोळ्यांचा होता. तो ९३३ ग्रॅम भरतो. त्याचा अर्धा शेर सुमारे ४६६.५ ग्रॅम, पावशेर २३३ ग्रॅम, नवटाक ११६.६ ग्रॅम आणि छटाक ५८.३ ग्रॅम होते. अशा ४० शेरांचा मण ३७.३२ किलोचा होतो.

याच्या बरोबरीने महाराष्ट्रात २४ तोळ्यांचा कच्चा शेर प्रचारात होता. तो सुमारे २८० ग्रॅम भरतो. त्याचा पावशेर सहा तोळ्यांचा, म्हणजे ७० ग्रॅमचा, आणि नवटाक तीन तोळ्यांची, म्हणजे ३५ ग्रॅमची होते. मुंबई बंदराच्या घाऊक व्यापारात आणखी निराळा हिशेब चाले. तेथील मण २८ रत्तलांचा, म्हणजे १२.७ किलोचा होता. त्याचा चाळिसावा हिस्सा असलेला शेर सुमारे ३१७.५ ग्रॅम भरतो. ‘मण’ हा एकच शब्द मुंबईत २८ रत्तल व बंगालमध्ये सुमारे ८२ रत्तल दाखवीत असे, हे ध्यानात घेतले म्हणजे जुन्या चोपड्यांतील हिशेबही अधिक नीट उलगडतात.

आरंभी उल्लेखिलेल्या सत्तर ग्रॅमच्या पावशेराचे कोडे येथे सुटते. सत्तर भागिले ११.६६ म्हणजे सहा तोळे. सहा तोळे हा कच्च्या शेराचा बिनचूक पावशेर आहे. तो २३३ ग्रॅमच्या पक्क्या पावशेराशी ताडून पाहणे मुळातच चुकीचे. हाताळणीने वजन झिजते हे खरे, परंतु तीन भागांतला एकच भाग उरावा इतके ते झिजत नाही. पूर्वजांवर ठपका ठेवण्यापूर्वी त्यांचा शेर कोणता होता, हे विचारणे हा न्याय आहे.

धान्याची मापे मात्र वेगळी. निळवे, कोळवे, चिपटे, मापटे, शेर, अडशिरी, पायली ही श्रेणी आकारमानाची आहे. दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर आणि चार शेरांची पायली होते. तीच पायली ज्वारीने भरली की एक वजन आणि साळीने भरली की दुसरे. शिवाय माप सपाट भरायचे की शिगोशीग, याची रीत गावोगावी निराळी होती. म्हणून मापाचे वय ठरवताना त्यात मावणाऱ्या धान्याच्या वजनापेक्षा त्यावरील खुणांवर व घडणीवर भर द्यावा. नववधूने उंबरठ्यावर ओलांडायचे माप म्हणून अनेक घरांत असे एखादे पितळी मापटे आजही टिकून आहे.

खुणा आणि अंक

वजनाचा आकडा निश्चित झाल्यावर त्याच्या अंगावरील खुणांकडे वळावे. त्या वाचण्यासाठी वजन घासूनपुसून लखलखीत करण्याचा मोह आवरावा. चिंच, राख किंवा बाजारातील भुकटीने पितळ उजळते, परंतु उथळ कोरलेली अक्षरे त्याबरोबर झिजतात आणि घासण्याने वजनही किंचित घटते. मऊ ब्रशने धूळ झाडावी, कोरड्या सुती कापडाने पुसावे आणि अंधाऱ्या खोलीत एका बाजूने तिरपा उजेड पाडून पाहावे. सरळ उजेडात न दिसणारी अक्षरे तिरप्या उजेडात उठून दिसतात. पातळ कागद वर धरून पेन्सिलीने हलके घासले की त्यांचा ठसाही मिळतो.

जुन्या वजनांवर पुष्कळदा अक्षरांऐवजी केवळ उभ्या रेघा असतात. एक रेघ (।) म्हणजे पाव, दोन रेघा (॥) म्हणजे अर्धा आणि तीन (॥।) म्हणजे पाऊण. १। हा सव्वा आणि २॥ हा अडीच. चोपड्यांत अपूर्णांक लिहिण्याची हीच पद्धत होती. त्यामुळे ज्यांनी जुने रोजमेळ पाहिले आहेत त्यांना त्या लगेच ओळखता येतील.

लिपीही बोलकी असते. मोडीतील अक्षरे दिसली तर वस्तू बहुधा विसाव्या शतकाच्या मध्यापूर्वीची समजावी, कारण त्यानंतर मोडीचा सार्वत्रिक वापर मागे पडला. गुजरातेतून किंवा मारवाडातून आलेल्या कुटुंबांच्या वजनांवर तेथील महाजनी वळणाची, शिरोरेषा व काना-मात्रा नसलेली अक्षरे असू शकतात. मराठवाड्यातील वजनांवर उर्दू अक्षरे असली तर आश्चर्य वाटू नये. तो भाग निजामाच्या संस्थानात होता आणि तेथील नाणेही वेगळे होते. मात्र कोरलेले नाव हे मालकाचे असते, ते घडवणाऱ्याचे असेलच असे नाही. वाटणीच्या वेळी जुन्याच वजनांवर नवी नावे घातली जात. म्हणून नावावरून वस्तू निदान तेवढी जुनी आहे एवढेच सिद्ध होते.

१९५२ म्हणजे कोणते साल?

सर्वांत मोठा घोटाळा वजनावर साल कोरलेले असते तेव्हा होतो. समजा, एखाद्या पितळी वजनावर ‘१९५२’ असा आकडा आहे. पाहणारा तो इसवी सन समजून वस्तू स्वातंत्र्यानंतरची ठरवतो. परंतु व्यापारी कुटुंबांत वहीपूजनापासून सारा हिशेब विक्रम संवताने चाले. विक्रम संवत १९५२ म्हणजे इसवी सन १८९५-९६. एका आकड्याच्या दोन वाचनांत सत्तावन्न वर्षांचे अंतर पडते आणि त्यातले एक वाचन वस्तूला शंभर वर्षांपलीकडे नेते.

हिशेब सोपा आहे. कार्तिक शुद्ध प्रतिपदेला सुरू होणाऱ्या विक्रम संवतातून, कार्तिकापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या काळासाठी ५७ आणि जानेवारीपासून आश्विनापर्यंतच्या काळासाठी ५६ वजा करावेत. शालिवाहन शक असल्यास चैत्रापासून डिसेंबरपर्यंत ७८ आणि त्यानंतर फाल्गुनाअखेरपर्यंत ७९ मिळवावेत. वीर निर्वाण संवत असल्यास ५२७ किंवा ५२६ वजा करावेत. त्याचे आकडे चोविसशेच्या वा पंचविसशेच्या घरात असल्याने ते सहज वेगळे ओळखू येतात.

आकड्याआधी ‘सं.’, ‘संवत’, ‘शके’ किंवा ‘सन’ असे काही आहे का, हे आधी पाहावे. तसे काही नसेल, तर ताळा दुसऱ्या पुराव्याने घ्यावा लागतो. ‘१९५२’ कोरलेल्या वजनावर सरकारी तपासणीची मोहर असेल, तर इसवी सनाकडे कल जातो. मोहर नसेल आणि वजन कच्च्या शेराचे असेल, तर संवताची शक्यता बळावते.

सरकारी मोहर

वजनमापे एकसारखी व्हावीत, यासाठी झालेले कायदे हे कालनिर्णयाचे मैलाचे दगड आहेत. १८७१ साली लॉर्ड मेयो यांच्या कारकिर्दीत एक कायदा झाला. त्यात ‘शेर’ हे नाव ठेवून त्याचे वजन थेट एक किलोग्रॅम करण्याची योजना होती. ती कागदावरच राहिली आणि गावोगावचे शेर पूर्ववत चालू राहिले. मुंबई प्रांताने १९३२ साली वजनमापांचा स्वतंत्र कायदा केला. १९३९ साली केंद्रीय कायद्याने तोळा, ८० तोळ्यांचा शेर व ४० शेरांचा मण ही प्रमाणे निश्चित केली. स्वतंत्र भारतात १९५६ साली दशमान पद्धतीचा कायदा संमत झाला. १ एप्रिल १९५७ पासून नवे पैसे आले, ऑक्टोबर १९५८ पासून किलोग्रॅमची वजने टप्प्याटप्प्याने लागू झाली आणि एप्रिल १९६२ पासून जुन्या वजनांचा व्यापारातील वापर बंद झाला.

यावरून ढोबळ कालखंड पाडता येतात. वजन किलोग्रॅम वा ग्रॅमचे असेल, तर ते १९५८ नंतरचे. त्यावरील तपासणीच्या मोहरेत वर्षाचे शेवटचे दोन आकडे आणि तिमाही दाखवणारे ए, बी, सी, डी यांपैकी एक अक्षर असते. अशी अनेक वर्षे एकाखाली एक उमटलेली दिसली, तर सर्वांत जुने वर्ष धरावे. वजन ८० तोळ्यांच्या शेरातील असून त्यावर सरकारी मोहर असेल, तर १९३२ ते १९६२ ही तीन दशके प्रथम विचारात घ्यावीत. मोहर नसून तोळा बिनचूक ११.६६ ग्रॅमचा निघत असेल, तर वस्तू १८३३ नंतरची मानणे सुरक्षित. त्याआधीची म्हणायची असेल, तर त्यासाठी वेगळा पुरावा हवा. ‘पेशवाईतले वजन’ ही कौटुंबिक आख्यायिका बहुधा येथेच मावळते.

विलायती काटे व वजनेही पुष्कळ घरांत असतात. त्यांवर रत्तल आणि औंस यांचे आकडे असतात. एक रत्तल म्हणजे ४५३.६ ग्रॅम. बर्मिंगहॅमच्या एव्हरी कंपनीच्या काट्यावर ‘सोहो फाउंड्री’ हे नाव असेल, तर तो काटा १८९५ नंतरचा, कारण त्या वर्षी तो कारखाना एव्हरीकडे आला.

घडण आणि धातू

घडणीचा पुरावा नेहमी दुय्यम मानावा, पण तो तपासावा. प्रथम लोहचुंबक लावावा. पितळी दिसणारे वजन चुंबकाला चिकटले, तर ते पितळेचा मुलामा दिलेले लोखंड आहे. नंतर ते उलटे करून तळ पाहावा. ओतीव लोखंडी वजनांत एक खाच असते आणि तीत शिसे भरलेले असते. वजन बरोबर जुळवण्यासाठी ते शिसे कमी-जास्त केले जाई आणि तपासणीची मोहरही त्या मऊ शिशावर उमटवली जाई. खाच रिकामी असेल, तर शिसे गळून पडले आहे आणि वजन कमी भरण्याचे कारण तेच आहे.

हिरवा गंज किंवा काळा रंग हे वयाचे प्रमाण नव्हे. दमट जागी पितळ थोड्याच वर्षांत हिरवे पडते आणि आम्लाचा हात फिरवून तो रंग मुद्दाम आणताही येतो. जुन्या बाजारात ‘शिवकालीन’ म्हणून विकल्या जाणाऱ्या वस्तूंपैकी कित्येकांचे भांडवल एवढेच असते. खरी झीज हाताच्या सवयीने होते. बोटांच्या पकडीची जागा, खालची कड आणि गुंडीचा माथा गुळगुळीत होतो, तर खोलगट जागी मूळ पोत टिकून राहतो. सर्वत्र सारखीच झीज दिसली, तर संशय घ्यावा.

खरे की खोटे

जैन आचारग्रंथांत अचौर्य अणुव्रताच्या पाच अतिचारांपैकी एक ‘हीनाधिकमानोन्मान’ हा सांगितला आहे. मान म्हणजे धान्य मोजण्याचे माप आणि उन्मान म्हणजे तराजू व वजन. देताना कमी व घेताना अधिक भरणारी साधने ठेवणे हा तो दोष. व्यापारी श्रावकाच्या रोजच्या जगण्यातील मोह शास्त्रकारांना किती जवळून ठाऊक होता, हे या एका शब्दावरून कळते. म्हणून घरातील जुने वजन पारखताना केवळ वयाचा प्रश्न नसतो. त्या वजनाने एका कुटुंबाची पत तोललेली असते.

तपासणी निःपक्षपातीपणे करावी. संचातील सर्व वजने एकत्र तोलून पाहावीत. दोन पावशेर मिळून अर्धा शेर आणि दोन अर्धे मिळून एक शेर होत असेल, तर संच एकाच मानाचा आणि प्रामाणिक आहे, मग तो शेर कोणताही असो. सारख्या आकाराची, सारख्याच खुणेची दोन वजने भिन्न भरत असतील आणि एकाच्या तळाला भोक पाडून लाख किंवा मेण भरलेले असेल, तर मात्र ते सत्य म्हणून स्वीकारावे लागेल. तराजू असल्यास रिकाम्या पारड्यांचा तोल आधी पाहावा. मग एका पारड्यात वजन व दुसऱ्यात जिन्नस ठेवून दांडी समतोल करावी आणि दोहोंची अदलाबदल करावी. दांडी तशीच आडवी राहिली, तर काटा खरा. ती एका बाजूला झुकली, तर दांडीचे दोन हात असमान आहेत. पारड्याखाली बांधलेला लहानसा खडा मात्र फसवणुकीचा पुरावा नव्हे. तो पासंग होय आणि दोन पारड्यांतील फरक भरून काढण्यासाठीच तो असतो.

जपणूक

वजन शंभर वर्षांहून जुने ठरण्याचा संभव असेल, तर १९७२ चा पुरावस्तू व कलानिधी कायदा ठाऊक असावा. अशी पुरावस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. परदेशी स्थायिक झालेल्या मुलांना आठवण म्हणून काही पाठवायचे असल्यास, वस्तू पुरावस्तू नसल्याचे प्रमाणपत्र भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून मिळवता येते. घरगुती वस्तूंचा अभ्यास करू इच्छिणाऱ्यांनी पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय आणि अहमदाबादच्या विशाला येथील भांड्यांचे संग्रहालय अवश्य पाहावे.

मोडीचा भाव किलोवर ठरतो. पितळी वजनांचा सबंध संच भंगारात घातला, तर हाती येणारी रक्कम एखाद्या महिन्याच्या किराण्यालाही पुरत नाही. ते राखून ठेवण्यास फार जागा लागत नाही. प्रत्येक वजनासाठी एक कागद करावा. त्यावर ग्रॅममधील वजन, त्यावरून निघालेले तोळे, खुणांचा पेन्सिलीचा ठसा, छायाचित्र आणि घरातील वडीलधाऱ्यांनी सांगितलेली माहिती, सांगणाऱ्याच्या नावासह व तारखेसह नोंदवावी. जुने रोजमेळ व खतावण्या जपलेल्या असतील, तर दिवाळीच्या सुमारास वजने किंवा काटा खरेदी केल्याची नोंद शोधावी. तशी एक ओळ सापडली, तर बाकी साऱ्या अनुमानांचा ताळा मिळतो.

आणि वाटणी करताना संच फोडू नये. एका भावाकडे शेर, दुसऱ्याकडे पावशेर व तिसऱ्याकडे नवटाक गेली, तर तिन्ही ठिकाणी शोभेचे तुकडे उरतात आणि ती एकाच मानाची होती, हे पुढे कोणालाच पडताळता येत नाही. संच एका घरी ठेवावा आणि नोंदीच्या कागदांची प्रत प्रत्येक भावंडाला द्यावी.